कामाला डोकी, पाण्याला उंबरा

शालन,

रविवारी तुझ्या जलदान विधीला आले होते. तुझ्या सुनेने, सुजाताने, मला हाताला धरून पुढे नेलं आणि तिथे असलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. बाकी सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर. मी खाली बसते म्हणाले, तर तुमच्या वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, "बसा वैनी. तुमी पावण्या." तुझ्या दारातून हाक मारली तर माझ्या परड्यात ऐकू येते, एवढंच अंतर. तरी मी पाहुणी.

मेणबत्त्या लावून झाल्या, वंदना झाली, मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हणाले, "शालनबाईंनी आपल्या गावासाठी फार केलं." वाक्य तोंडातून गेलं तशी सुजाताने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तू असतीस तर तिथल्या तिथे विचारलं असतंस, "कुठल्या गावासाठी वो वैनी?" आणि सगळी सतरंजी हसली असती. कुणी हसलं नाही. मी आणखी दोन-तीन तशीच गुळगुळीत वाक्यं बोलून खाली बसले, दिलेलं पाणी प्यायले आणि घरी आले.

तेव्हापासून हाताला काम लागत नाही. तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. तू आता उलट बोलणार नाहीस. आपल्या भांडणात पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा राहणार आहे आणि तो मला नको आहे.

मी उंब्रजची. नदीकाठची. लग्न होऊन या माळावर आले तेव्हा पाणी मोजायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आकडे मला आवडायचे, जुनी मॅट्रिक झाले होते, पण पाण्याचा आकडा कधी मांडला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या शाळूच्या रानात भांगलायला आलेल्या बायकांत तू होतीस. मी जेवणाआधी तांब्याभर पाण्याने चूळ भरली. तू खुरपं थांबवून बघत राहिलीस आणि शेजारणीला म्हणालीस, "बगितलंस का गं? नदीकाठची बाय हाय. तोंड धुवाय तांब्या घेती. आपुन तांब्यात न्हातो." सगळ्या हसल्या. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या पेल्यात चूळ भरली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "पास!"

आपली मैत्री तिथून सुरू झाली असं मी लोकांना सांगते. मैत्री म्हणावी का, हे तुला कधी विचारलं नाही. तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हटलं आणि तू मला 'तुमी'. आपल्या दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. निदान मला तरी वाटलं नाही. तुझं मी सांगू शकत नाही.

पावसाचं तुझं-माझं बोलणं मात्र बरोबरीचं असायचं. तो बदलला हे मला आकड्यांनी दिसत होतं आणि तुला रानात. पूर्वी मृगापासून हत्तीच्या नक्षत्रापर्यंत तो थोडा थोडा पडायचा. आता महिना-महिना आभाळ कोरडं आणि मग दोन दिवसांत सगळा हिशेब चुकता केल्यासारखा ओतून मोकळा. माती घेऊन ओढ्याने खाली कुंडलच्या बाजूला जायचा. मी म्हणायचे, वर्षाची बेरीज फार कमी नाही. तू म्हणायचीस, "बेरीज प्याय येती का? पाऊस तेवढाच हाय वैनी, त्याला थांबाय टाइम न्हाई. पावणा दारातनंच माघारी जातोय, बसाय पाट कुणी दिला का त्येला?"

पाट द्यायचं ठरलं ते सलग दोन वर्षं कोरडी गेल्यावर. गावविहिरीने तळ दाखवला. सरपंच आबांनी देवळात बैठक घेतली आणि दोन गोष्टी ठरल्या. ओढ्यावर सगळ्यांनी श्रमदानाने बांध घालायचा, म्हणजे येणारा पाऊस अडेल, मुरेल, विहिरीला येईल. आणि तोवर विहिरीला रातभर साठणारं पाणी सकाळी मोजून वाटायचं. कुणीतरी हिशेब मांडायला हवा होता. आबा म्हणाले, "सुभेदारांच्या मंडळींस्नी सांगू की. त्यांचा आकडा चुकत न्हाई."

आमचे हे तेव्हा नुकतेच पलटणीतून पेन्शनवर आले होते. घरी येऊन मला म्हणाले, "जा, हुकूम आलाय. हिसाब सीधा रखना." मी साडी बदलली. देवळाच्या बैठकीत बाईला बोलावलं होतं, गावात पहिल्यांदाच. मला केवढा आनंद झाला होता हे तुला मी कधी सांगितलं नाही, पण तू ओळखलं असशील. त्या आनंदात मी दोन हिशेब मांडले.

पहिला बांधाचा. धडधाकट माणसं किती ते मोजायचं आणि डोक्यामागे दोन हात लांबी वाटून द्यायची. त्यासाठी मी घरोघर फिरले. वस्तीतही आले. तुझ्याच अंगणात बसून सगळ्यांची नावं घेतली, तू कोरा चहा केलास. मधल्या घळीतली लांबी, जिथे ओढ्याचा जोर सगळ्यात जास्त आणि खाली नुसता कातळ, ती आबांनी वस्तीला दिली. मी तीही मांडली.

दुसरा पाण्याचा. आबा म्हणाले, "उंबऱ्यावर धरा. सोपं पडतंय." उंबरे किती हे मला पाठच होतं, दरवर्षी यात्रेची पट्टी उंबऱ्यावर निघायची. तो आकडा घेतला, पाण्याला त्याने भागलं. उंबऱ्याला सहा घागरी आल्या. भाग बरोबर होता. मी दोनदा ताळा केला. देवळाच्या भिंतीवर खडूने लिहून टाकलं.

यात्रेची पट्टी वस्तीकडून निघत नव्हती. छप्पन सालानंतर तुम्ही देव सोडलेत, पालखीपुढचं काम सोडलंत, तेव्हापासून तुमचे चौदा उंबरे त्या आकड्यात नव्हते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तो आकडा म्हणजे गाव, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्याच्या कडेला काही उरतं हे दिसलंच नाही. आणि त्याच आठवड्यात तुझ्या अंगणात बसून मी तुमची एकूण एक डोकी मोजली होती.

तू भिंत वाचलीस. चौथीपर्यंत शिकलेली तू, वाचायला तुला कुणाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर मुरमाची पाटी डोक्यावर घेऊन तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. पाटी खाली ठेवली नाहीस.

"वैनी, एक इचारू का?"

"विचार की."

"आमची वस्ती कुठं गेली वो?"

मला कळलं नाही. मी वस्तीकडे बघितलंसुद्धा. बाया हसल्या.

"तिकडं न्हवं. भितीवर. देवळाच्या भितीवर आमी न्हाई. हितं मातुर हाय." तू मागे उभ्या असलेल्या तुमच्या माणसांकडे मान केलीस. "कामाला डोकी मोजलीसा आन् पाण्याला उंबरा. आमाला डोकी हायती, उंबरा न्हाई व्हय?"

मी चटकन म्हणाले, "अगं चूक झाली. यात्रेचा आकडा घेतला गेला."

"घेतला गेला? कुणी घेतला?"

मी पदर सारखा करत राहिले. तेव्हा तू पाटी खाली टाकलीस. सगळा मुरूम माझ्या पायाशी सांडला.

"तू मोजलंस, इंदू."

एवढ्या वर्षांत तू मला तेवढं एकदाच 'तू' म्हणालीस. कुणीतरी 'आगं, वैनी हायत त्या' म्हणालं. मी रागावले नाही, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते इथे लिहायला हवं. तू खोटं बोलत होतीस असं मला वाटलं नाही. तू चारचौघांत बोललीस याचंच मला वाईट वाटलं. वस्तीला उन्हाळाभर पाणी मिळणार नव्हतं, तुमच्या आडात चिखल होता, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती माझ्या नावाची.

वस्तीची माणसं खोरी घेऊन निघून गेली. मी आबांकडे गेले, म्हणाले चौदा उंबरे धरून पुन्हा भाग लावते, सहाच्या जागी पाच घागरी येतील, किरकोळ फरक आहे. आबा म्हणाले, "आता भितीवर लिवलंय. लोकं वरडतील. त्यांचा आड हाय की. आन् काम टाकून गेल्यात, आता कशाचं पाणी?" मी परत एकदा म्हणाले आणि मग घरी आले. दोनदा म्हणाले, शालन. तिसऱ्यांदा म्हणाले नाही.

गावाने आपापली लांबी पुरी केली. मधली घळ तशीच राहिली. तिथे कुणी हात लावला नाही. 'ती त्यांची हाय' म्हणत होते, जशी काही घळच रुसून बसली होती. मग वळीव आला, तासभरच, पण असा की समोरचं दिसेना. दोन्हीकडून अडलेलं सगळं पाणी त्या मधल्या मोकळ्या जागेतून घुसलं आणि जाताना दोन्ही बाजूंची ताजी माती ओरबाडून घेऊन गेलं. सकाळी ओढ्यात पाणी नव्हतं आणि काठावर बांधही नव्हता. आमचे हे तिथे उभे राहून म्हणाले, "पलटणीत असा पूल बांधला असता तर कोर्टमार्शल झालं असतं." कुणाचं, ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर गाव तुझ्या दारात आलं. मीही होते. तू उंबऱ्यात बसून मटकी निवडत होतीस. उठली नाहीस. आबांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "शालन, जाऊ दे आता. समद्यांनीच पाणी प्यायचं हाय. हात लावा."

तू सुपातून मान वर न काढता म्हणालीस, "लावू की. पाणी डोक्यावर वाटा. तान्ह्या पोरापासनं म्हाताऱ्यापतूर, जितकी डोकी तितकं. जनावराचं येगळं धरा. आन् त्या पाण्यावर कुनी ऊस लावायचा न्हाई. न्हाईतर आमी मुरवायचं आन् तुमी पिळायचं."

एक जण म्हणाला, "उसाबिगर काय खायाचं मग?"

"हुलगा खा. घोडं खातंय, पळतंय की."

आबांनाही हसू आलं. कबूल झालं. लोक आता सांगतात की आपल्या गावाने समंजसपणाने पाणी वाटून घेतलं. समंजसपणा नव्हता. तुमच्या हातांवाचून घळ बुजत नव्हती, म्हणून कबूल झालं. वळीव आला नसता आणि बांध टिकला असता तर तुम्ही त्या उन्हाळ्यात तहानलेले राहिला असता, आणि मी भिंतीवरचा आकडा पुसला असता असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बांधावर तू मला म्हणालीस, "वैनी, तुमी सावलीला बसा, ऊन लय हाय." पुन्हा 'तुमी'. तो 'तू' मला जितका लागला त्याहून हा 'तुमी' जास्त लागला.

त्यानंतरची वर्षं तू दिलीस, हे मी कुणालाही सांगेन. बांध उभा राहिला. त्याच्या वर उतारावर आडवे चर खणले, शेतांना मातीच्या ताली धरल्या. विहिरीवर बागायत कमी आणि शाळू, मटकी, हुलगा जास्त. पुढचा कोरडा उन्हाळा आला तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागली. आपल्या विहिरीला मृगापर्यंत घागर बुडायची. माझ्या सासूबाई त्या साली आजारी होत्या, रोज अंथरूण धुवावं लागायचं, आणि घरातल्या डोक्यांच्या हिशेबात ते पाणी बसत नव्हतं. तू एका सकाळी दोन घागरी आणून माझ्या मोरीत ओतल्यास. मी म्हटलं, हे कुणाच्या वाटणीचं? म्हणालीस, "आमच्या सासूचं. ती गेली नव्हं परवा? नाव आजून काढलं न्हाई तुमी. उद्या काढा, आज धुवून घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी तूच आठवण करून नाव काढायला लावलंस.

आणि आपलं भांडण चालूच राहिलं. दर उन्हाळ्यात मी मोजायला निघाले की तू म्हणायचीस, "वैनी, चूक करू नगासा." मी म्हणायचे, चूक ती चूकच होती, मुद्दाम नव्हती, यात्रेचा आकडा हाताशी होता. मुद्दाम नव्हती हे खरंच आहे. एकदा हुलगा मळताना तू काठी टेकवून थांबलीस आणि म्हणालीस, "तुमी हिशेबाच्या. मला एक सांगा. चूक कशी आसती? कवा हिकडं जाती, कवा तिकडं जाती. व्हय का न्हाई?"

"होय."

"मग मला एक दावा. आमचं कवा चुकून जास्त धरलं? एकदा. एकच दावा. रेशनला, घरकुलाला, पाण्याला, कशाला बी."

मी खूप शोधलं. तू मळत राहिलीस. नंतर मी म्हणाले की दमले आणि घरी गेले. नेहमी एकाच बाजूला जाते तिला चूक म्हणत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तराजूचं पारडं नेहमी एकीकडे झुकत असेल तर आपण दुकानदाराला काय म्हणतो? मला ते ठाऊक होतं. पण 'चूक' हा शब्द सोडला असता तर माझ्यापाशी दुसरा कुठला शब्द उरला असता, याची भीती वाटायची.

फेब्रुवारीत तू अंथरुणाला खिळलीस. मी ताक घेऊन आले. तू बाजेवर बाहेर पडवीत होतीस, हाताच्या काड्या झालेल्या.

"हिरीला किती हाय?"

"दोन परस. दोन माणसं बुडतील एवढंच."

"यंदा लवकर हाटलं." मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "बोला की. कशापायी आलासा?"

"सहज."

"सहज येनारी बाई न्हाई तुमी. तुमी हिशेबानं येता." हसताना तुला खोकला आला. मी पाठ चोळली. त्या दिवशी मी बोलायलाच आले होते. वाक्य तयार होतं. शालन, ती चूक नव्हती. एवढंच. तेवढ्यात सुजाता औषध घेऊन आली आणि मी म्हणाले, "बरं, येते." तू मानेने हो म्हणालीस. तू वाट बघत होतीस का, ते मला कळलं नाही. बघत असशील तर मी तुला तशीच वाट बघत ठेवून उठले.

आता परवाचं सांगते. तुझ्या जलदानानंतर चौथ्या दिवशी देवळात बैठक झाली. यंदा वळीव नाही, विहीर दर आठवड्याला खाली जाते आहे, पाणी मोजून द्यायची वेळ आली आहे. आबा थकलेत, पण बोलायला तेच उठले. म्हणाले, "डोकी मोजायचं लय किचकट. कोण पुण्याला गेलं, कोण आलं, रोज भांडण. औंदा उंबऱ्यावर धरू. आन् ह्या खेपेला वस्तीचे उंबरे बी धरायचे, समदे. भेदभाव न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. वस्तीतल्या पोरांनीही डोलावल्या. ऐकायला किती सरळ होतं ते!

मी मनात मांडलं. गेल्या काही वर्षांत गावातली घरं वाटण्या होऊन सुटी झालीत, पोरं पलटणीत, मुंबईला. एका उंबऱ्याआड सरासरी चार माणसं. वस्तीत जागा नाही, घरं वाटता येत नाहीत, एकेका उंबऱ्याआड सात. उंबऱ्याला आठ घागरी दिल्या तर गावात माणशी दोन आणि वस्तीत एक, वर थोडी सांडासांड. आमच्या घरात दीर वेगळे निघाल्यामुळे कागदावर दोन उंबरे आणि माणसं पाच. सोळा घागरी. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी हळूच म्हटलं, "आपल्याला परवडतंय." त्यांनाही हिशेब येतो.

मी तू बसायचीस त्या खांबाकडे पाहिलं. आता कुणीतरी उठेल असं मला वाटत होतं. कुणीतरी म्हणजे तू, शालन. तू गेल्यावरही माझ्या वाटणीचं बोलायचं काम मी तुझ्याकडेच ठेवलं होतं. आबा 'मग ठरलं' म्हणेपर्यंत मी बसून होते. मग उठले.

आकडे सांगितले. माणशी दोन आणि माणशी एक. आमच्या घरच्या सोळा घागरीही सांगितल्या. ह्यांनी मान खाली घातली. आबा जरा चिडून म्हणाले, "वैनी, तवा चूक झाली, ती तर सुधारतोय की आता आमी. वस्ती धरलीया."

मी म्हणाले, "आबा, चूक न्हवती ती."

"म्हंजी?"

"मी त्यांच्या अंगणात बसून डोकी मोजली होती. चहा प्याले होते. आणि पाण्याला त्यांना धरलं नाही. ती माणसं कामाला आपली आणि प्यायला परकी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मला येतच होतं. तुम्हाला सगळ्यांना येत होतं. भिंत सगळ्यांनी वाचली, बोलली एकटी शालन. आता पुन्हा उंबऱ्यावर वाटलं तर ते नकळत होणार नाही. हिशेब मी सांगितलाय."

मागून एक जण म्हणाला, "मड्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन भाषण चाललंय." तेही खोटं नाही. हे वाक्य तुझ्या बाजेशेजारी बोलायचं होतं आणि मी ते तू नसताना, टाळ्या नाहीत तरी कान असतील अशा जागी बोलले. सुजाता उठली, फक्त म्हणाली, "डोक्यावर धरा. मोजाय माणूस न्हाई म्हनता, तर मी फिरते काकूंच्या संगं." मग आणखी चार-पाच जणी. आबा म्हणाले, "बरं. ह्या उन्हाळ्यापुरतं." पुढच्या उन्हाळ्याचं मला काही सांगता येत नाही. पंप आणून विहिरीवर ऊस लावायची भाषा पलूसला जाणारी पोरं करतातच आहेत.

घरी येताना हे दहा पावलं पुढे चालत होते. दारात थांबून म्हणाले, "गावाची अब्रू काढलीस." मी म्हणाले, "माझी काढली. गावाची तिच्यात होती." त्यांनी दोन दिवस बोलणं सोडलं होतं. आज सकाळी चहा मागितला.

काल सुजाता आणि मी मोजायला निघालो. गाव झालं, मग वस्ती. शेवटी तुझं घर. तुझ्या दारात आले की आकडा सांगायचा मान तुझा असायचा, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल असा. आम्ही दोघी तिथे जरा थांबलो. मग सुजाता म्हणाली, "सहा." आणि तिच्या लक्षात आलं. तिने ओठ दाबून धरले, पण आकडा मागे घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिली. एका डोक्याच्या पावणेदोन घागरी. कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी या उन्हाळ्यात कुणी बोललं नसतं.

मी पाच धरले. सुजाता म्हणाली, "बरोबर हाय," आणि आत गेली.

सगळी बेरीज केली. गाव आणि वस्ती मिळून, आयुष्यात पहिल्यांदा, तू शेजारी उभी नसताना मी बरोबर मोजलं. एकसुद्धा इकडेतिकडे नाही. ताळा करायचा तर तुला पुन्हा वजा करावं लागलं असतं, मन धजलं नाही.

तुझी,
इंदू